भांड्यांचे गाव ओमेन्या

आमच्या घरात कॉफीची एक किटली आहे. ॲल्युमिनियमची, आठ कडांची, मधे कंबर आवळल्यासारखी, काळ्या मुठीची. काही वर्षांपूर्वी धाकटा भाऊ इटलीहून सुट्टीवर आला, तेव्हा अम्मीसाठी घेऊन आला होता. अम्मीने ती उलटसुलट करून पाहिली, "यात चहा होत नाही का?" असे विचारले आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली. ती तिथेच राहिली.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघे आणि लेक असे तिघे भावाकडे गेलो. तो उत्तर इटलीत नोव्हारा शहरात नोकरीला आहे. आम्ही दोघेही शिक्षकी पेशातले, त्यामुळे सुट्टी मिळते ती मे महिन्यातच. रोम, व्हेनिस, मिलान ही नावे त्याने आधीच यादीत लिहून ठेवली होती आणि ती सगळी आम्ही पाहिलीही. त्या शहरांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. पण एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "भाईजान, अम्मीची ती किटली ज्या गावात जन्माला आली, ते गाव इथून तासाभरावर आहे. तळ्याकाठी आहे. उद्या जायचं का?" पर्यटकांच्या गर्दीला आम्ही तोवर कंटाळलो होतो. लगेच हो म्हटले.

गावाचे नाव ओमेन्या. इटालियन लिपीत त्यात ‘ग’ दिसतो, पण तो उच्चारत नाहीत. लोकवस्ती सुमारे १५ हजार, म्हणजे आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी, पिएमोन्ते प्रांतात, ओर्ता नावाच्या तळ्याच्या उत्तर टोकाला ते वसलेले आहे. शेजारचे माज्जोरे तळे मोठे आणि प्रसिद्ध. तिथे राजवाडे आहेत, बागा आहेत, श्रीमंतांची हॉटेले आहेत. ओर्ता हे त्याचे धाकटे भावंड. लांबी १३ किलोमीटरच्या आसपास, पण खोली सव्वाशे मीटरहून जास्त.

नोव्हाराहून दोमोदोस्सोलाला जाणारी छोटी गाडी आहे, रूळ एकेरी. सकाळी घरूनच पराठे आणि अंडी बांधून घेतली. परदेशात हलालचा प्रश्न पडला की अम्मीच्या हाताखाली शिकलेला हा उपाय सर्वांत सोपा. भाताच्या खाचरांतून गाडी निघाली. हो, भाताची खाचरे! इटलीत नोव्हारा भागात भात पिकतो, हे आम्हाला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हते. कोकणातल्या माणसाला त्या पाण्याने भरलेल्या शेतांकडे पाहून एकदम घरच्यासारखे वाटले. हळूहळू शेते संपली, टेकड्या आल्या. गोत्सानो नावाचे स्टेशन गेले. भाऊ म्हणाला, "हे नाव लक्षात ठेवा, नंतर सांगतो." थोड्याच वेळात डाव्या खिडकीत तळे उघडले. निळेशार, स्वच्छ. मधोमध एक छोटे बेट आणि त्यावर दगडी इमारतींची दाटी. लेकीने नाक काचेला लावले ते ओमेन्या येईपर्यंत काढले नाही.

गावात उतरल्यावर पहिली गोष्ट पाहायची ती निगोलिया. ही नदी म्हणावी तर फार लहान आणि ओढा म्हणावा तर गावकऱ्यांना राग येईल. तळ्यातून बाहेर पडणारे हे पाणी भर गावातून घरांच्या भिंतींना लागून वाहते. कठड्यांवर फुलांच्या कुंड्या, वर छोटे पूल. यात विशेष काय? तर आल्प्सच्या पायथ्याची मोठी तळी आपले पाणी दक्षिणेला, मैदानाकडे सोडतात. ओर्ताचे पाणी मात्र उत्तरेला, थेट डोंगराच्या दिशेने जाते. गावकऱ्यांना याचा भारी अभिमान. त्यांची जुनी म्हण अशा अर्थाची आहे की, आमची निगोलिया वर चढते आणि आमचा कायदा आम्हीच करतो. आमच्या लेकीने खात्री करून घ्यायला एक पान पाण्यात टाकले आणि पुलावरून ते कुठे जाते ते पाहिले. पान खरोखर बर्फाच्या शिखरांकडे निघाले. पुढे निगोलिया स्त्रोना नदीला मिळते, स्त्रोना तोचेला, तोचे माज्जोरे तळ्याला आणि तिथून तिचीनो व पो या नद्यांमधून ते पाणी शेवटी दक्षिणेकडेच वळून एड्रियाटिक समुद्रात जाते. पण हे आम्ही लेकीला त्या वेळी सांगितले नाही.

जुन्या काळी गावाला तटबंदी आणि पाच वेशी होत्या. आता एकच वेस उरली आहे. संत आंब्रोजिओच्या नावाचे जुने चर्च आहे, अरुंद गल्ल्या आहेत, कमानींखाली दुकाने आहेत. हे सगळे तासाभरात पाहून होते. ओमेन्याचा खरा इतिहास वेशीत नसून भट्टीत आहे.

गावामागच्या स्त्रोना खोऱ्यात जमीन थोडी आणि हिवाळा लांब. शेतीवर पोट भरेना, म्हणून इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडत. कित्येक जण जर्मनीपर्यंत गेले आणि कथलाची भांडी घडवण्याचा हुन्नर शिकून आले. जे मागे राहिले ते लाकूड कातून चमचे, उलथणी आणि खेळणी करत. वरच्या क्वार्ना गावात तर सनई-बासरीच्या जातीची वाद्ये करणारे कारागीर आजही आहेत आणि तिथे त्या वाद्यांचे संग्रहालयही आहे. कोकणातल्या घराघरात जसे कोणीतरी आखातात असते, तसेच त्या खोऱ्याचे होते. फरक एवढाच की तिथले बरेच जण हुन्नर घेऊन परतले आणि परतल्यावर त्यांनी गावातच कारखाने काढले. स्त्रोनाचे धावते पाणी यंत्रे फिरवायला हाताशी होतेच.

१९०१ मध्ये लागोस्तीना घराण्याने कल्हई केलेले लोखंडी काटे-चमचे बनवायला सुरुवात केली. हे वाचले आणि आम्हाला लहानपणीचे कल्हईवाले चाचा आठवले. मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर खड्डा खणून भाता लावायचे, तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवले की काळे पातेले चांदीसारखे व्हायचे. आमच्याकडे तो धंदा स्टीलच्या भांड्यांनी संपवला. लागोस्तीनाने मात्र काळ ओळखून १९३०च्या दशकातच स्वतः स्टील धरले आणि १९६० मध्ये इटलीला प्रेशर कुकर दिला.

दुसरे नाव आलेस्सी. जोव्हान्नी आलेस्सी यांनी १९२१ मध्ये पितळी-तांब्याच्या वस्तूंचे छोटे दुकान-कारखाना काढला. पुढच्या पिढ्यांनी नामांकित वास्तुविशारदांना बोलावून साध्या किटलीचे आणि लिंबू पिळायच्या यंत्राचे आराखडे करून घेतले. त्यांची एक किटली पाणी उकळले की तोटीवरच्या लाल पक्ष्याच्या आवाजात शिट्टी घालते. अशा वस्तू आज जगातल्या कलासंग्रहालयांत काचेआड ठेवलेल्या आहेत. किमती पाहून आम्ही त्या काचेआडच पाहाव्यात असे ठरवले.

आणि तिसरे नाव बियालेत्ती, म्हणजे आमच्या कपाटातली किटली. आल्फोन्सो बियालेत्ती ऐन तारुण्यात फ्रान्सला गेले, ॲल्युमिनियमच्या कारखान्यांत सुमारे दहा वर्षे राबले आणि पहिले महायुद्ध संपता संपता परत आले. १९१९ मध्ये त्यांनी ओमेन्याला लागूनच असलेल्या क्रुझिनाल्लो या वस्तीत आपली शाळू भट्टी मांडली. तेव्हा इटलीत चांगली कॉफी प्यायची तर पुरुषांनी कॉफीगृहात जायचे, असा रिवाज होता. वाफेची ती अवाढव्य यंत्रे घरात येणे शक्य नव्हते. असे सांगतात की आल्फोन्सो यांना कल्पना सुचली ती घरात कपडे धुण्याच्या पिंपावरून. त्या पिंपात मधोमध नळी असे. खाली पाणी उकळले की साबणाचे पाणी नळीतून वर येऊन कपड्यांवर पसरे. १९३३ मध्ये त्यांनी तेच तत्त्व कॉफीला लावले. खालच्या भांड्यात पाणी, मधल्या जाळीत कॉफीची पूड, वर रिकामे भांडे. पाणी तापले की कोंडलेली वाफ त्याला वर ढकलते, पाणी पुडीतून चढते आणि कॉफी होऊन वरच्या भांड्यात उतरते. खालच्या भांड्याला एक छोटी सुरक्षा-झडप, कुकरला असते तशी. अम्मीला हे असे समजावून सांगितले असते तर किटली कदाचित फळीवर गेली नसती.

त्यांनी किटलीला नाव दिले ‘मोका’. हे नाव ओमेन्याचे नाही, इटलीचेही नाही. ते येमेनच्या मोखा बंदराचे. कॉफी पिण्याचा सर्वांत जुना खात्रीचा उल्लेख १५व्या शतकातल्या येमेनच्या सूफी खानकाहांमधला आहे. रात्रभर जिक्र करताना झोप येऊ नये म्हणून ते दरवेश कहवा घेत. १५११ मध्ये मक्केत कहवा जायज की नाजायज यावर मोठा वाद झाला आणि काही काळ बंदीही आली. पुढे हेच पेय तुर्कांमार्फत व्हेनिसला पोहोचले आणि मोखाचे नाव युरोपात कॉफीचेच नाव झाले. आपल्याकडे बाबा बुदन यांनी हजहून परतताना येमेनातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. एका येमेनी बंदराचे नाव घेऊन ही किटली आल्प्सच्या पायथ्याशी घडली आणि कोकणातल्या आमच्या कपाटात येऊन बसली, याची आम्हाला त्या दिवशी गंमत वाटत राहिली.

आल्फोन्सो उत्तम कारागीर, पण विक्री त्यांना जमली नाही. आठवडी बाजारांत थोड्याथोड्या किटल्या खपत. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलगा रेनातो परतला आणि त्याने जाहिरातीचा धडाका लावला. मोठ्या मिशांचा, एक बोट वर करून कॉफी मागणारा छोटा माणूस हे त्या किटलीचे चिन्ह झाले आणि इटलीत क्वचितच एखादे घर मोकाशिवाय राहिले. रेनातो २०१६ मध्ये वयाच्या ९३व्या वर्षी वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची राख एका मोठ्या मोका किटलीत ठेवली गेली. आपल्याला हे ऐकायला विचित्र वाटते आणि आम्ही भावाला दोनदा विचारून खात्री करून घेतली. आणखी एक मजेची गोष्ट : आलेस्सी कंपनीला जगभर नाव मिळवून देणारे आल्बेर्तो आलेस्सी हे या आल्फोन्सो बियालेत्तींच्या मुलीचे चिरंजीव. भांड्यांच्या या गावात सोयरिकीही भांड्यांच्या घराण्यांत झाल्या.

या साऱ्या वस्तू एकत्र पाहायच्या तर ‘फोरुम’ नावाचे संग्रहालय आहे. जिथे पूर्वी कोबियांकी कुटुंबाचा पोलादाचा कारखाना होता, तिथेच ते उभे आहे. कढया, कॉफीच्या किटल्या, कुकर, मिक्सर, काटे-चमचे यांच्या रांगा. इतर संग्रहालयांत आपण राजांच्या तलवारी पाहतो. इथे कोणीतरी कधीतरी ज्यात सूप केले असेल ती पातेली. आमच्या घरच्यांना या संग्रहालयातून बाहेर काढणे अवघड गेले. क्रुझिनाल्लोतला बियालेत्तीचा कारखाना मात्र २०१० मध्ये बंद झाला. किटल्या अजून खपतात, पण त्या गावात ओतल्या जात नाहीत. लागोस्तीना २००५ मध्ये एका फ्रेंच उद्योगसमूहाने विकत घेतली. आलेस्सी अजून क्रुझिनाल्लोत आहे.

दुपारी तळ्याकाठच्या हिरवळीवर डबे उघडले. जुहरची नमाज तिथेच एका झाडाखाली अदा केली. दोन म्हातारे बाकावर बसले होते, त्यांनी आमच्यासाठी आपल्या कुत्र्याला हाक मारून बाजूला घेतले. मग भावाने गोत्सानोची गोष्ट सांगितली. आम्ही हा लेख लिहायला बसलो ते खरे तर या गोष्टीसाठी.

गोत्सानो तळ्याच्या दक्षिण टोकाशी आहे. १९२६ मध्ये तिथे कृत्रिम रेशमाचा एक मोठा कारखाना सुरू झाला, बेंबर्ग नावाचा. कापसाचे तंतू तांबे आणि अमोनियाच्या द्रावणात विरघळवायचे आणि त्यातून रेशमासारखा धागा काढायचा, अशी ती पद्धत. उरलेले तांबे आणि अमोनियाचे क्षार तळ्यात सोडले जात. एवढ्या खोल तळ्याला काय होणार, असे त्या वेळी वाटले असावे. पण दोन-तीन वर्षांत तळे मेले. आधी डोळ्यांना न दिसणारे शेवाळ व सूक्ष्म जीव गेले, मग त्यांच्यावर जगणारे जीव, मग मासे. रीना मोंती या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका, इटलीतल्या विद्यापीठांत प्राध्यापकपदी पोहोचलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक. त्यांनी १९३० मध्ये या तळ्यातले जीवन कसे पायरीपायरीने नाहीसे झाले याची नोंद प्रसिद्ध केली. आज ओर्ताच्या दुखण्याचा अभ्यास करणारे सगळे त्या नोंदीपासून सुरुवात करतात.

पन्नासच्या दशकाअखेर कारखान्याने तांबे परत मिळवायची व्यवस्था केली, तेव्हा तांबे कमी झाले. पण अमोनिया येतच राहिला. पाण्यातले जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात आणि त्या क्रियेत आम्ल तयार होते. त्यातच तळ्याच्या आसपास नळ-तोट्या बनवणारे आणि धातूंवर मुलामा चढवणारे छोटे कारखाने वाढले. त्यांचे क्रोमियम, निकेल, जस्त, तांबेही पाण्यात आले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पाण्याचा सामू ४ च्या आसपास पोहोचला होता. आम्ही वर्गात सामू शिकवताना लिंबाच्या रसाचे आणि टोमॅटोचे उदाहरण देतो. एक आख्खे तळे टोमॅटोच्या रसाइतके आंबट! आणि दिसायला ते निळे, नितळ. मेलेले पाणी पुष्कळदा असेच स्वच्छ दिसते, कारण त्यात काही वाढतच नाही.

१९८० च्या सुमारास कारखान्याला अमोनिया रोखणारी यंत्रणा बसवावी लागली. तरीही साचलेले आम्ल आपोआप जायला अनेक वर्षे लागली असती. तेव्हा माज्जोरे काठच्या पाल्लांत्सा गावातल्या जलजीवशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी एक साधा वाटणारा उपाय सुचवला : चुनखडी. पोटात आम्ल झाले की आपण जे घेतो तेच. मे १९८९ ते जून १९९० या काळात बोटीतून चुनखडीची भुकटी पाण्यात कालवून तळ्यावर फवारण्यात आली. दहा हजार टनांहून अधिक! एखाद्या तळ्याला एवढ्या मोठ्या प्रमाणावर दिलेले असे औषध जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. सामू पूर्वपदावर आला, विरघळलेले धातू खाली बसले. मग एकेक करून जीव परतले. आधी सूक्ष्म शेवाळ, मग पिसवांसारखे बारीक पाणजीव, मग मासे. पर्च जातीचे मासे आज तिथे भरपूर आहेत. तळाच्या गाळात तांबे अजून आहे, ते कुठे गेलेले नाही. त्यावर संशोधकांचे लक्ष असते.

भाऊ हे सांगत होता आणि आम्ही तळ्याकडे पाहत होतो. आमचे वडील खाडीकाठचे. त्यांची होडी होती, जाळी होती. आम्ही शाळेतून आलो की काठावर बोईटांचे वाटे पडलेले असत. मग खाडीच्या वरच्या अंगाला कारखाने आले. एका पावसाळ्याच्या सुरुवातीला सकाळी मेलेली मासळी काठाला लागली, आणि पुढे ते दरवर्षीचे झाले. अर्ज झाले, मोर्चा झाला, पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून नेले. वडिलांनी होडी विकली. भाऊ आणि आम्ही तिघेही त्या वेळी हे बोललो नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होते. लेकीने मात्र विचारले, "मग इथे ज्यांनी पाणी खराब केलं, त्यांनीच चुना टाकला का?" भावाला उत्तर देता येईना. तो म्हणाला, सरकारने टाकला, म्हणजे लोकांच्या पैशातून.

संध्याकाळची वेळ हातात होती. बोटीने सान जुलिओ बेटावर जाऊन आलो. बेटावर एक जुने चर्च आणि ख्रिस्ती साध्वींचा मठ आहे. बेटाभोवती फिरणाऱ्या एकुलत्या गल्लीला ‘शांततेची वाट’ म्हणतात आणि भिंतींवर मौनाविषयीची छोटी वचने टांगलेली आहेत. पंधरा-वीस मिनिटांत फेरी पूर्ण होते.

शिक्षक म्हणून आम्हाला या बेटाचे अप्रूप वेगळ्या कारणाने होते. मुलांसाठी लिहिणारे प्रसिद्ध लेखक जान्नी रोदारी यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२० रोजी ओमेन्यातला. वडील पाववाले, दुकान गावातच. जान्नी नऊ वर्षांचे असताना वडील वारले आणि आई मुलांना घेऊन माहेरच्या गावी, गाविराते येथे गेली. पुढे ते प्राथमिक शिक्षक झाले, मग पत्रकार, मग लेखक. १९७० मध्ये त्यांना बालसाहित्यातला सर्वोच्च मानला जाणारा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. त्यांच्या एका कथासंग्रहातला बाप फिरता विक्रेता आहे. रोज रात्री नऊ वाजता तो कुठूनही फोन करून लेकीला गोष्ट सांगतो. फोन महाग, म्हणून गोष्टी छोट्या. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे अब्बा कतार-कुवेतला असतात. ही कल्पना त्यांना एका वाक्यात कळली.

रोदारी यांनी म्हातारपणी या बेटावर एक कादंबरी रचली. बेटावर राहणारा एक अतिश्रीमंत म्हातारा आपले नाव अखंड उच्चारत राहण्यासाठी माणसे पगारावर ठेवतो, कारण नाव घेतले जात राहील तोवर मरण येणार नाही, असे त्याला कोणी सांगितलेले असते. त्या शांत गल्लीतून चालताना ही गोष्ट आठवून आम्ही हसलो. ओमेन्यात रोदारी यांच्या नावाने मुलांसाठी ‘कल्पनेची बाग’ आहे, खेळघरासह. लेकीचा तिथला तास सर्वांत आनंदात गेला.

परतीच्या गाडीआधी तळ्याकाठच्या एका छोट्या खाणावळीत मासे आहेत का, असे विचारले. आहेत, तळलेले पर्च. याच तळ्यातले का, असे भावाने विचारले. मालक हसून म्हणाला, "आजचे याच तळ्यातले. तुमच्या वयाचा होतो तेव्हा विचारले असते, तर माज्जोरेचे म्हणालो असतो." मासे चांगले होते. मिठाचे प्रमाण जरा कमी, मिरची नाहीच.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी किटली फळीवरून खाली काढली. भावाने बरोबर दिलेली पूड घातली, खाली पाणी, मंद आच. फसफस आवाज आला तशी अम्मी मागे सरकली. कॉफी कडू झाली. अम्मीने साखर आणि दूध घालून ती आपल्या पद्धतीने प्यायली. वडिलांना मोबाइलवर तळ्याचे फोटो दाखवले, चुनखडीची बोट समजावून सांगितली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मासे किती वर्षांनी आले?"

आम्ही म्हटले, साठेक वर्षांनी.

त्यांनी मनाशी हिशेब केला. "आपल्या खाडीला तीस झाली," म्हणाले, आणि कप पुढे केला.